कथनात्मक चित्र कसे उभे करावे: भावना आणि संघर्ष रंगवताना

संघर्षावर चित्र काढायला बसले की बहुतेकांच्या कागदावर सर्वांत आधी उंचावलेली मूठ उतरते, आणि दुःख रंगवायचे म्हटले की गालावरून ओघळणारा अश्रू. या प्रतिमा खोट्या नाहीत, पण त्या इतक्यांदा पाहिलेल्या असतात की प्रेक्षक त्या ओळखतो, मान डोलावतो आणि पुढच्या चित्रापाशी जातो. माझे पहिले मोठे चित्र असेच रडणाऱ्या आईचे होते. तीन महिने खपून काढलेल्या त्या चित्रासमोर लोक ‘बिचारी’ म्हणत आणि पाच सेकंदांत पुढे सरकत. कथा सांगणाऱ्या चित्राची सारी मदार क्षणाच्या निवडीवर असते, आणि तो क्षण बहुधा घटनेच्या ऐन मध्यावर सापडत नाही, हे मला त्यानंतर बऱ्याच उशिरा उमगले.

सुरुवात रंगांपासून करू नये, एका वाक्यापासून करावी. ‘बेरोजगारी’, ‘विस्थापन’, ‘अन्याय’ ही विषयांची नावे झाली. त्यांत कोणी माणूस नाही आणि म्हणून चित्रही नाही. कोण, कुठे, काय करीत आहे, एवढेच सांगणारे एक वाक्य लिहावे आणि त्यात एकही विशेषण येऊ देऊ नये. माझ्या एका चित्राचे वाक्य असे होते: ‘कारखाना बंद होऊन दोन महिने झाले, तरी तो पाळीच्या वेळेला उठतो, दाढी करतो, बूट घालतो आणि पलंगाच्या काठावर बसून राहतो.’ या वाक्यात दुःख हा शब्द नाही, तरी ते वाचून पोटात काहीतरी हलते. तसे हलत नसेल तर वाक्य बदलावे. कॅनव्हास बदलून उपयोग होत नाही.

वाक्य हाती आले की माहिती गोळा करावी, आणि ती करताना आळस करू नये. तेओदोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे ‘मेदुसाचा तराफा’ हे १८१९ मध्ये पूर्ण झालेले चित्र या बाबतीत धडा म्हणून पाहावे. १८१६ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘मेदुसा’ हे जहाज रुतले, सुमारे दीडशे माणसे एका तराफ्यावर सोडून देण्यात आली आणि तेरा दिवसांनी त्यांतली पंधराच जिवंत सापडली. जेरिकोने वाचलेल्यांची भेट घेऊन त्यांची हकीकत ऐकली, तराफ्याची छोटी प्रतिकृती करवून घेतली आणि प्रेतांचा रंग कसा बदलत जातो याचा प्रत्यक्ष पाहून अभ्यास केला. आपला विषय इतका भीषण नसला तरी पद्धत तीच ठेवावी: त्या माणसाशी बोलावे, त्याच्या खोलीतल्या वस्तू रेखाटनवहीत उतरवाव्यात, आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. छायाचित्रावर सर्वस्वी विसंबू नये. छायाचित्र सगळेच सारख्या आस्थेने टिपते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय रेखाटताना हाताला घ्यावाच लागतो.

आता क्षणाची निवड, म्हणजे या कामातला सर्वांत अवघड भाग. पोस्टकार्डापेक्षा लहान आकाराची वीसेक रेखाटने करावीत आणि प्रत्येकात कथेचा वेगळा क्षण घ्यावा. जेरिकोनेही तराफ्यावरील बंड, उपासमारीने केलेले नरमांसभक्षण, अखेरची सुटका असे प्रसंग रेखाटून पाहिले आणि शेवटी निवडला तो क्षितिजावर एक जहाज ठिपक्याएवढे दिसण्याचा क्षण. ते जहाज येते आहे की निघून चालले आहे, हे चित्र सांगत नाही, आणि म्हणूनच आपण त्याच्यासमोरून हलत नाही. माझ्या रेखाटनांत बंद फाटक होते, घोषणा देणारी गर्दी होती, नोटीस वाचणारे चेहरे होते. यांतले एकही वाईट नव्हते, परंतु ते सगळे बातमीसारखे होते: पाहिले आणि संपले. पलंगाच्या काठावर बसलेला माणूस मात्र ‘आता हा काय करणार?’ असा प्रश्न विचारायला लावत होता. रेखाटने निवडताना हीच कसोटी लावावी. ज्या क्षणाच्या मागे आणि पुढे काय आहे याचा विचार प्रेक्षकाला करावा लागतो, तो क्षण ठेवावा.

संघर्षाचे चित्र घराबाहेरच घडते, हा समजही येथेच सोडून द्यावा. केथे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीने १८९३ ते १८९७ या काळात विणकरांच्या उठावावर सहा मुद्राचित्रांची (ठशांवरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. तिची सुरुवात अंधाऱ्या खोलीत, मागे उभा असलेला माग आणि पुढे अंथरुणावरचे मूल व त्याच्यावर झुकलेली आई अशी होते, आणि शेवट पुन्हा तशाच एका खोलीत मृतदेह आणले जात असताना होतो. मोर्चा आहे, फाटकावरचा हल्लाही आहे. पण मोर्चात एका बाईच्या पाठीवर मूल झोपलेले आहे. ते झोपलेले मूल मी कित्येकदा पाहिले आहे, आणि बाजूच्या ओरडणाऱ्या पुरुषांपेक्षा दरवेळी तेच अधिक बोलले आहे.

भावना चेहऱ्यावर शोधण्याची सवय मोडायला वेळ लागतो. एक उपाय मला लागू पडला: पहिल्या रेखाटनात चेहरा रिकामाच ठेवावा, आणि केवळ शरीराच्या ठेवणीवरून माणसाची अवस्था कळते का ते पाहावे. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, खांदे कोठे उतरले आहेत, हात काय धरून आहेत, दोन माणसांमध्ये अंतर किती आहे, हे ठरल्यानंतर चेहऱ्याला फार थोडे करावे लागते. माझ्या चित्रातला माणूस सुरुवातीला डोके हातांत धरून बसला होता, म्हणजे पुन्हा तीच ओळखीची निराशा. मग मी स्वतः बूट घालून पलंगाच्या काठावर वीस मिनिटे बसून पाहिले. दहाव्या मिनिटाला ध्यानात आले की अशा बसण्यात माणूस वाकत नाही. तो ताठ बसतो, हात मांड्यांवर ठेवतो आणि जणू कोणी हाक मारील म्हणून दाराच्या दिशेने किंचित वळलेला असतो. तो ताठपणा रेखाटनात आला आणि चित्र उभे राहिले. बुटांच्या नाड्यांसाठी मी एक संपूर्ण दिवस घालवला. त्या सैल काढल्या तर तो थकून परतलेला वाटत होता, सुटलेल्या काढल्या तर हरलेला. घट्ट, समान फासांच्या, टोके बरोबर जुळवून बांधलेल्या नाड्या काढल्यावरच तो निघायला तयार असलेला आणि जायला जागा नसलेला माणूस झाला.

रचनेत आपण प्रेक्षकाला कोठे उभे करतो, हा प्रश्न आधी सोडवावा. वरून पाहिले की माणूस केविलवाणा दिसतो, फार खालून पाहिले की त्याचा पुतळा होतो. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले की तो आपल्यासारखा वाटतो, आणि सामाजिक विषयात मला हीच जागा बहुधा योग्य वाटते. सत्ता कशी दाखवावी हे गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या १८१४ मधील ‘तीन मे १८०८’ या चित्रात पाहावे. गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांचे चेहरे दिसत नाहीत, दिसते ती पाठींची एक रांग. जमिनीवरच्या कंदिलाचा सारा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसावर पडला आहे. (हात उंचावलेला तो माणूस गुडघ्यांवर आहे, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.) गेर्निका या स्पेनमधल्या गावावर झालेल्या बाँबहल्ल्यावरील पिकासोच्या १९३७ मधील ‘गेर्निका’मध्ये तर बाँब टाकणारी विमानेच नाहीत. अत्याचार करणाऱ्याला राक्षस म्हणून रंगवले की प्रेक्षक सुटतो, कारण त्याला त्या चेहऱ्यात स्वतःच्या ओळखीचे कोणी दिसत नाही.

कथा एका चौकटीत मावत नसेल तर दोन मार्ग आहेत. एकाच चौकटीत तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा दाखवता येते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेत, तोच राजपुत्र आणि तेच कुटुंब भिंतीवर प्रसंगामागून प्रसंगात भेटतात, आणि खांब, झाडे व दारे त्या प्रसंगांना वेगळे करतात. दुसरा मार्ग मालिकेचा. जेकब लॉरेन्स या अमेरिकी चित्रकारांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी पूर्ण केली. त्यांनी ग्रंथालयात बसून अभ्यास केला, चित्रांखालचा मजकूर आधी लिहिला आणि ज्यांवर चित्रे काढायची त्या सर्व फळ्या एकदम समोर ठेवून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेले, त्यामुळे साठ चित्रे एका कुळातली दिसतात. मालिका करताना ही युक्ती अवश्य वापरावी; चित्रे एकामागून एक संपवत गेल्यास पाचव्या चित्रापर्यंत पहिल्याचा रंग हातातून सुटलेला असतो.

रंगांविषयी थोडक्यात. रंगपट्टी चार-पाच रंगांचीच ठेवावी. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा यांच्या मिश्रणातून उष्ण-शीत करड्या छटांची मोठी माळ मिळते, आणि पांढऱ्यासोबत फक्त एकच प्रखर रंग, तोही एकाच ठिकाणी वापरावा. माझ्या चित्रात तो भिंतीवरच्या खुंटीला लटकणाऱ्या ओळखपत्राच्या फितीवर आहे. तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे असावेत, नाहीतर काही वर्षांत रंगाला भेगा पडतात. उजेड-अंधाराची वाटणी आधी एकाच तपकिरी रंगात पक्की करावी. ती फसली असेल तर पुढे कितीही रंग चढवले तरी चित्र सावरत नाही.

ज्याची कथा आहे त्याला काम पूर्ण होण्याआधी चित्र दाखवावे, आणि त्याने नको म्हटलेली खूण, मग ती चेहऱ्याची असो, नावाची असो की घराची, पुसून टाकावी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर भागात हिंडून आणि चित्रकार झैनुल आबेदिन यांनी स्वस्त कागदावर काळ्या शाईने जी रेखाटने केली, ती मरणाऱ्या माणसांकडे समोरासमोर पाहणारी आहेत, तरी त्यांत त्या माणसांची अप्रतिष्ठा नाही. अशी नजर सवयीने येते, आणि ती सवय लागेपर्यंत परवानगी विचारणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मी तो कॅनव्हास त्या गृहस्थांना दाखवला तेव्हा ते चेहऱ्याविषयी काही बोलले नाहीत. बराच वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, ‘बूट पुसलेले दाखवा. मी रोज पुसतो.’ दुसऱ्या दिवशी मी बारीक ब्रशने दोन्ही बुटांच्या टोकांवर पांढऱ्याची एकेक तिरीप ठेवली आणि चित्राला पुन्हा हात लावला नाही.