नोकरी सुटल्यावर आधी हप्ते, मग किराणा
बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यातली नोकरी सुटली, की बहुतेक घरांत प्रथम किराण्याच्या यादीला कात्री लागते. माझ्या मते सुरुवात हप्त्यांपासून करावी. घराचा वा गाडीचा हप्ता थकण्यापूर्वीच बँकेत किंवा सोसायटीत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी, कारण हप्ता एकदा चुकला की दंड लागतो आणि पुढे कर्ज मिळणेही अवघड होते. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरून साठवलेली ठेव, मोडण्याची घाई करू नये. मुदतीपूर्वी बंद केल्यास किती व्याज बुडेल, हे पासबुक दाखवून आधी विचारावे. उचललेल्या भिशीचे पैसे मात्र वेळेवर भरावेत, तिथे शेजारपाजारची पत पणाला लागलेली असते.

कायम नोकरीत सलग 5 वर्षे भरली असतील आणि कारखान्यात किमान 10 कामगार असतील, तर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेबद्दल मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, अर्ज लगेच द्यावा. ती देय झाल्यापासून 30 दिवसांत चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे. भविष्य निर्वाह निधी 5 वर्षांच्या आत काढल्यास त्यावर आयकर लागू शकतो, तेव्हा तो शेवटी काढावा.

विजेकडे विशेष लक्ष द्यावे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतून मोफत विजेची सवलत असली तरी महिन्याला 200 युनिट ओलांडले, की संपूर्ण बिल भरावे लागते; म्हणून पंधरा दिवसांनी एकदा मीटर पाहून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. घरातील महिलांना याच सरकारच्या शक्ती योजनेतून साध्या सरकारी बसने निपाणीपर्यंत मोफत जाता येते, परंतु कोल्हापूरच्या बसला तिकीट पडते, तो खर्च वेगळा धरावा.