पेम्फिगसच्या पेशंटला घरी कसं सांभाळायचं

पेम्फिगस म्हणजे कातडीवर आणि तोंडात फोड येऊन जखमा होणारा आजार. आईची सुरुवात फक्त तोंड येण्याने झाली, अंगावर एक फोड नव्हता, आणि आम्ही तीन महिने बी कॉम्प्लेक्स आणि जेलवर घालवले. म्हणून आधी हेच सांगते, तोंड आलेलं तीन आठवड्यांत बरं होत नसेल तर थेट स्किनच्या डॉक्टरकडे जा. ते बायोप्सी करतात, एक तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा आणि एक शेजारच्या चांगल्या कातडीचा, दुसऱ्यावर इम्युनोफ्लुरोसन्स टेस्ट (कातडीत चिकटलेल्या अँटिबॉडीज दाखवणारी) होते, दोन्ही करून घ्या.

हा आजार लागट नाही हो, जवळ बसा, हात धरा. एरवी जंतूंशी लढणाऱ्या शरीरातल्याच अँटिबॉडीज कातडीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन प्रोटीनवर उलटतात, म्हणून कातडी सुटते.

सगळ्यात त्रास अंथरुणाचा. चादर ओल्या जखमेला चिकटते आणि उठवताना कातडी सोलून निघते, आई अक्षरशः ओरडायची. वॉर्डातल्या सिस्टरनी केळीचं पान सांगितलं, कोवळं पान स्वच्छ धुवायचं, मधला दांडा काढायचा, व्हॅसलीन लावून अंगाखाली पसरायचं आणि रोज बदलायचं, त्यावर काहीच चिकटत नाही. फोड स्वतः फोडू नका, फुटलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, तीच जखमेचं झाकण असते. चिकटपट्टी तर अंगाला लावूच नका. खायला मऊ गुरगुट्या भात, गार ताक, तिखट आणि कुरकुरीत सगळं बंद.

या आजारावर स्टेरॉईड देतात, त्याला घाबरून गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि शुगर-बीपी तपासत राहा. आता रितुक्सिमॅब (अँटिबॉडीज बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) लवकर देतात, बहुतेकदा १ ग्रॅम सलाईनमधून आणि १५ दिवसांनी परत १ ग्रॅम, त्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. खर्च झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात पल्स थेरपीचं (ठरावीक दिवसांनी औषधाचा मोठा डोस) विचारा, ती आपल्याकडचीच, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली, दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड.

आणि ताप आला, जखमेला वास आला किंवा पेशंट गुंगीत वाटला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच अ‍ॅडमिट करा, कारण या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक इन्फेक्शननेच.