पहिल्या क्रमांकावर आयकेजेईएफटी०१

"सगळ्यात जास्त सीपीयू खाणारे दहा प्रोग्रॅम काढून दे." मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या महाकाय कॉम्प्युटरच्या, परफॉर्मन्स टीममध्ये आल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम. वाक्य इतकं सरळ होतं की एकही प्रश्न न विचारता मी जागेवर जाऊन बसले. चूक तिथेच झाली, पण ती कळायला तीन आठवडे आणि फेकून दिलेल्या बऱ्याच याद्या लागल्या. या कामात नव्याने येणाऱ्यांनी निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत, नव्या कराव्यात.

पहिली यादी मी एसडीएसएफ या पाहणीच्या टूलच्या डीए (आत्ता चालू असलेल्या कामांच्या) स्क्रीनवरून काढली. सीपीयू टक्क्यांवर सॉर्ट केलं आणि वरचे दहा लिहून घेतले. दर एंटरला क्रम बदलत होता, तरी मला शंका आली नाही. ती स्क्रीन त्या घटकेपुरतं दाखवते. मशीन आत्ता का कण्हतंय हे बघायला ती उत्तम, महिनाभरात कोण किती खातो हे तिला विचारायचं नसतं. दुसऱ्या यादीत मी सर्वात जास्त वेळ चालणारे जॉब (मशीनला दिलेली एकेक कामं) घेतले. वरचा जॉब चार तास चालत होता. त्यातले पावणेचार तास तो दुसऱ्या जॉबने धरून ठेवलेल्या डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलची) वाट बघत होता, आणि त्याचा सीपीयू वेळ होता जेमतेम दोन मिनिटं. घड्याळाचा वेळ आणि सीपीयूचा वेळ यांची गल्लत नवा माणूस हमखास करतो.

मग कोणीतरी एसएमएफकडे, म्हणजे सिस्टमच्या हिशेबवहीकडे, बोट दाखवलं. मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम झेड/ओएस स्वतःच हिशेब लिहून ठेवते: कोणी किती सीपीयू वापरला, किती आय/ओ केलं, कधी सुरू झालं, कधी संपलं. जॉबसाठी आपल्याला हवं ते टाइप ३० रेकॉर्ड. त्यात सीपीयू वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो, टीसीबीचा (नेहमीच्या टास्कचा) वेगळा, एसआरबीचा (सिस्टमच्या छोट्या सेवाकामांचा) वेगळा. रेकॉर्डमधले विभाग ठरलेल्या जागी नसतात. कुठे सुरू, केवढा, किती, हे सांगणारी त्रिकुटं सुरुवातीला असतात. ती वाचूनच पुढे जायचं. मी ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनची अंतरं, हाताने मोजून घातले होते आणि निम्म्या जॉबचा सीपीयू वेळ अगम्य आला.

ते निस्तरल्यावर बेरीज केली. आमच्या एलपारला (मशीनच्या आमच्या वाट्याला) ६ प्रोसेसर, म्हणजे दिवसाला फार तर १४४ तास सीपीयू. माझी बेरीज भरली १९० तास. सर शांतपणे म्हणाले, "मशीनपेक्षा तुझे जॉब मोठे दिसतात." झालं होतं असं की टाइप ३० चे उपप्रकार असतात आणि मी सगळे एकत्र मिळवले होते. उपप्रकार ४ स्टेप (जॉबमधला एक टप्पा) संपल्यावर लिहिला जातो, ५ जॉब संपल्यावर, आणि ५ मध्ये तोच खर्च पुन्हा येतो. २ आणि ३ हे ठरावीक अंतराने लिहिलेले तुकडे. तेही मिळवले तर तिसऱ्यांदा. बॅचसाठी, म्हणजे आपोआप चालून संपणाऱ्या जॉबसाठी, मी आता फक्त ४ घेते. ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सीआयसीएस रिजनसारख्या आठवडेच्या आठवडे न संपणाऱ्या कामांसाठी मात्र ४ ची वाट बघण्यात अर्थ नाही, तिथे २ आणि ३.

तेव्हापासून एक सवय लागली. कुठलीही यादी पुढे पाठवण्याआधी तिची बेरीज मशीनचा वापर मोजणाऱ्या आरएमएफच्या एकूण आकड्याशी ताडून बघायची. थोडी कमी भरली पाहिजे, कारण सिस्टमचं काही काम कुणाच्याच नावावर चढत नाही. जास्त भरली तर आपलंच काहीतरी चुकलंय.

आता बेरीज जुळली आणि मी मोठ्या तोऱ्यात यादी दिली. पहिल्या क्रमांकावर आयकेजेईएफटी०१. दुसऱ्यावर डीएफएसआरआरसी००. तिसऱ्यावर सॉर्ट. सर हसले नाहीत, ते जास्त लागलं. "पहिल्या क्रमांकाच्या प्रोग्रॅमचा मालक कोण?" त्यांनी विचारलं. मालक आयबीएम! टाइप ३० मध्ये येतं ते जेसीएलमधल्या (जॉब कसा चालवायचा हे सांगणाऱ्या भाषेतल्या) एक्झेक ओळीवरचं प्रोग्रॅमचं नाव. डीबी२ हा डेटाबेस वापरणारा बॅच प्रोग्रॅम बहुतेक वेळा टीएसओ या आयबीएमच्या सुविधेच्या आयकेजेईएफटी०१ च्या पोटातून चालवतात, आयएमएस या दुसऱ्या डेटाबेसचा डीएफएसआरआरसी०० च्या. खरा कोबॉल प्रोग्रॅम आत दडलेला असतो. म्हणजे शंभर वेगवेगळ्या प्रोग्रॅमचा खर्च मी दारावरच्या रखवालदाराच्या नावावर टाकला होता.

डीबी२ च्या बाबतीत खरं नाव काढायचा चांगला रस्ता म्हणजे टाइप १०१, अकाउंटिंग रेकॉर्ड. त्यातही अकाउंटिंग क्लास ७ चालू असेल तर पॅकेजनिहाय (प्रोग्रॅममधल्या एसक्यूएलच्या गठ्ठ्यानिहाय) सीपीयू मिळतो, आणि पॅकेजचं नाव सहसा प्रोग्रॅमचंच असतं. तो बंद असेल तर आधी डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएला गाठा. सीआयसीएससाठी टाइप ११०. तिथे आकडा ट्रान्झॅक्शनवर (एकेका ऑनलाइन व्यवहारावर) येतो, प्रोग्रॅमवर नाही. एका ट्रान्झॅक्शनमागे वीस प्रोग्रॅम एकमेकांना लिंक करत असू शकतात.

ट्रान्झॅक्शनवरून दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे जड असणं दोन तऱ्हेचं असतं. एक ट्रान्झॅक्शन ४ मिलिसेकंद सीपीयू घेतं, त्याच्याकडे कोण बघणार? पण ते दिवसात २० लाख वेळा पळतं. ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. रात्री एकदा चालणारा आणि चाळीस मिनिटं सीपीयू घेणारा जॉब सगळ्यांच्या तोंडी असतो, हे ट्रान्झॅक्शन कुणाला नावानेही माहीत नसतं. म्हणून माझ्या यादीत तीन रकाने असतात: एकूण सीपीयू, किती वेळा चाललं, एका वेळचा खर्च. सॉर्ट एकूणवर करायचा, पण नजर तिसऱ्या रकान्यावर ठेवायची.

चौथा रकाना दिवसातल्या कुठल्या वेळी चाललं याचा, आणि इथे प्रश्न पैशाचा येतो. बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी आयबीएमच्या सॉफ्टवेअरचं मासिक बिल वापराच्या चार तासांच्या सरकत्या सरासरीच्या महिन्यातल्या सर्वोच्च बिंदूवर ठरत आलं. तो बिंदू सकाळी अकराला येत असेल, तर पहाटे तीनचा जॉब निम्मा करूनही त्या बिलात काही फरक पडत नाही. २०१९ मध्ये टेलर्ड फिट प्रायसिंग आलं. त्यातल्या वापरावर आधारलेल्या पद्धतीत पहाटेचाही एमएसयू (वापर मोजायचं एकक) मोजला जातो. आपल्याकडे कोणता करार आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. झिप, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या खास प्रोसेसरचा वेळही वेगळा धरा, तो बिलात नसतो. मात्र झिपवर जाऊ शकत असूनही तिथे गर्दी म्हणून साध्या प्रोसेसरवर उतरलेलं काम बिलात येतं. त्याचा रकाना रेकॉर्डमध्ये स्वतंत्र आहे आणि तो बघायचा राहून जातो.

आणि मध्येच मशीन बदललं तर जुने-नवे सीपीयू सेकंद एका तक्त्यात मांडू नका. नव्या मशीनचा सेकंद मोठा असतो. एकदा आम्ही सहा महिन्यांत मोठी बचत झाल्याचा आलेख दाखवून शाबासकी घेतली होती. बचत आमची नव्हती, नव्या प्रोसेसरची होती.

नाव सापडलं की काम अर्धं झालं. प्रोग्रॅमच्या आत नेमकी कुठली ओळ खाते, हे शोधायला स्ट्रोब किंवा आयबीएमचं ॲप्लिकेशन परफॉर्मन्स ॲनालायझर यांसारखं सॅम्पलर लागतं. ते चालू जॉबमध्ये ठरावीक अंतराने डोकावतं आणि त्या क्षणी कुठली सूचना चालू होती ते टिपून ठेवतं. हाती येतो मॉड्यूल आणि ऑफसेट. तो ऑफसेट कंपाइल लिस्टिंगमध्ये (कंपायलरने काढलेल्या ओळीनिहाय प्रतीत) शोधायचा. लिस्टिंग प्रत्यक्ष चालणाऱ्या लोड मॉड्यूलच्याच कंपाइलची हवी, नाहीतर तुम्ही भलत्याच ओळीला फाशी द्याल.

माझ्या सुधारलेल्या यादीतला पहिला प्रोग्रॅम मी असाच उघडला. डीबी२ चा, म्हणून कुठलातरी एसक्यूएल अख्खा टेबलस्पेस चाळत असणार, असं मी मनात ठरवूनच बसले होते. सॅम्पलरने सांगितलं, ७० टक्के नमुने कोबॉलच्या एका सर्च ओळीवर. मेमरीतलं ५,००० नोंदींचं टेबल, आणि प्रत्येक रेकॉर्डसाठी पहिल्या नोंदीपासून शोध. म्हणजे सरासरी अडीच हजार तुलना, तेही प्रत्येक रेकॉर्डला. सर्च ऑल, म्हणजे क्रमवार टेबल दर वेळी निम्मं करत शोधणं, वापरलं असतं तर जास्तीत जास्त १३.

लिस्टिंगची पानं आणि आकडे घेऊन मी प्रोग्रॅमच्या मालकाकडे गेले. तो माणूस निवृत्तीला आलेला. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी सोर्स उघडला आणि वरची बदलांची नोंद दाखवली. टेबलच्या ऑकर्सवर (नोंदी किती हे सांगणाऱ्या ओळीवर) तीन शेरे होते: ५०, मग ५००, मग ५,०००. "मी लिहिलं तेव्हा पन्नास होते हो," ते म्हणाले. "पुढचे दोघं फक्त आकडा वाढवून गेले."

नुसतं ऑल शब्द वाढवून भागलं नाही. टेबल फाइलच्या क्रमाने भरत होतं, किल्लीच्या (ज्यावर शोधायचं त्या फील्डच्या) क्रमाने नाही, आणि क्रम चुकीचा असला तर सर्च ऑल तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं. म्हणून आधी फाइल सॉर्ट केली, न भरलेल्या नोंदींत हाय-व्हॅल्यूज (शक्य तितकी मोठी किंमत) घातल्या, जुन्या-नव्या आउटपुट फाइली बाइट-बाइट ताडल्या. आमचा एक दिवस गेला. पुढच्या महिन्याच्या यादीत तो प्रोग्रॅम पहिल्या दहात नव्हता, आणि पहिल्या जागेवर ते ४ मिलिसेकंदवालं ट्रान्झॅक्शन येऊन बसलं होतं.