चंद्रावर माणसं अडकवताय? मग या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा मी वाचतो. गठ्ठ्यात चंद्रावरच्या वसाहतीत अडकलेली माणसं हमखास असतात. अडकवा, हरकत नाही. पण बहुतेकांची माणसं भलत्याच कारणाने मरतात किंवा, त्याहून वाईट, भलत्याच कारणाने वाचतात.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे ऑक्सिजनचा काटा. तो खाली जातोय, नायक घामाघूम. अहो, बंद जागेत ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. माणूस दिवसाला साधारण किलोभर सोडतो. १९७० मध्ये मुख्य यान बिघडल्यावर अपोलो १३चे तिघे, दोघांसाठी बांधलेल्या उतरयानात शिरले तेव्हा तिथे ऑक्सिजन पुरेसा होता. संपत आले होते ते हवा शुद्ध करणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. मुख्य यानात डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि इथली बैठक गोल! शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टीवर निभावलं.

एका नवख्या लेखकाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, वाचकाला डबे नकोत, थरार हवाय." मी कथा परत केली. पुढच्या वर्षी तीच कथा मंगळावर नेऊन पाठवली. काटा तसाच! दोन व्हिडिओ पाहून लिहायला बसणाऱ्यांचं हे असंच असतं. ग्रह बदलायला तयार, हिशोब बदलायला नाही. मी तर कथा हातात घेतली की समासात आधी डोकी मोजतो, शेजारी डबे लिहितो.

दुसरं, रात्र. "दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सौर पट्ट्या पुसल्या." कुठली सकाळ? चंद्रावरची रात्र जवळजवळ चौदा दिवसांची, आणि विषुववृत्तापाशीही पारा उणे १७० अंशांच्या आसपास उतरतो. चांद्रयान-३चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ला, श्रावण शुद्ध सप्तमीला उतरला, कारण तिथे नुकतंच उजाडलं होतं. रात्रीआधी विक्रम-प्रज्ञानला झोपवलं. पुन्हा ऊन आल्यावर इस्रोने हाका मारल्या, उत्तर आलं नाही. सोव्हिएत संघाची लुनोखोद-१ गाडी १९७०-७१ मध्ये अनेक रात्री तगली, ती किरणोत्सारी पोलोनियमच्या उबेवर आणि रात्री झाकण लावून घेऊन. तुमच्या वसाहतीकडे काय आहे, ते आधी ठरवा.

वेळ सांभाळायला मी कालनिर्णय वापरतो. आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या मध्यावर वसाहत असेल, तर शुद्ध अष्टमीच्या सुमारास सूर्योदय, पौर्णिमेला भरदुपार, वद्य अष्टमीला सूर्यास्त, अमावास्येला मध्यरात्र. याहून सोपं काय असणार?

याच बाजूवरून पृथ्वी उगवत-मावळत नाही. जवळपास एकाच जागी राहते. प्रियकर-प्रेयसींना क्षितिजावर ताटकळत बसवू नका. पृथ्वीशी बोलताना प्रश्न-उत्तरात सुमारे अडीच सेकंद जातात, तेव्हा शब्दाला शब्द लावून भांडणं नकोत. आणि धूळ! अपोलो १७च्या हॅरिसन श्मिटचं नाक तिने चोंदलं होतं; तुमचे लोक बाहेरून येऊन थेट जेवायला बसतात.

परतीचं तर विचारूच नका. "विक्रमने उडी मारली होती ना?" मारली, सुमारे चाळीस सेंटिमीटर. चंद्राभोवती कक्षेत पोचायलाच सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटरचा वेग लागतो, घरची वाट धरायला आणखी. आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिनसाठीही वर मायकेल कॉलिन्स यान घेऊन थांबले होते. तुमच्यासाठी वर कोण थांबलंय, ते तिसऱ्या पानाच्या आत सांगा. शेवटच्या पानावर अचानक उगवलेलं यान मी छापायला देत नाही.