कोरडवाहू रानाची उन्हाळी नांगरट: बैलजोडी, घरची माणसे आणि पेरणीपूर्व मशागत

सोलापूर, धाराशिव, बीड आणि अहिल्यानगरचा दक्षिण भाग हा पावसाच्या भरवशावर पिकणारा पट्टा आहे. येथे पाच-सहा एकरांचे घरचे रान कसणाऱ्या कुटुंबाचे नवे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात रब्बी ज्वारीची काढणी-मळणी उरकली आणि कडब्याची गंज रचून झाली, की फाल्गुन-चैत्रातच पुढच्या पिकाचे काम सुरू झालेले असते. नांगरट केव्हा करायची, किती खोल करायची आणि कोणत्या दिशेने करायची, हे तिन्ही निर्णय जमिनीतील ओल आणि बैलांची ताकद पाहून घ्यावे लागतात. पुढील माहिती बैलांवर शेती करणाऱ्यांसाठी, तसेच नांगरटीपुरता ट्रॅक्टर भाड्याने लावून बाकीची मशागत घरच्या जोडीवर करणाऱ्यांसाठी आहे. आज या दुसऱ्या प्रकारची घरेच अधिक दिसतात.

नांगर धरण्याआधी

दरवर्षी सगळे रान नांगरलेच पाहिजे, असे नाही. भारी काळी जमीन उन्हाळ्यात आपोआप भेगाळते. त्या भेगांतून हवा खेळते, वरची भुसभुशीत माती आत पडते आणि नांगराचे बरेचसे काम जमीन स्वतःच करून घेते. अशा रानात हरळी, कुंदा किंवा लव्हाळा यांसारखे चिवट तण माजलेले नसेल, तर दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरते आणि मधल्या वर्षी कुळवाच्या (आडव्या पात्याच्या औताच्या) पाळ्यांवर, म्हणजे फेऱ्यांवर, भागते. हलक्या, मुरमाड रानात खोल नांगर घालणे तर उघड नुकसानीचे आहे, कारण वीतभर मातीखालचा मुरूम वर येतो आणि वर्षानुवर्षे शेणखत घालून तयार केलेला थर खाली गाडला जातो. शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणला म्हणून आपणही आणायचा, ही रीत या भागात फार पैसे खाते.

नांगरायचे ठरले, तर पीक निघाल्यानंतर जितके लवकर जमेल तितके करावे. ज्वारी किंवा हरभरा निघाल्यावर खाली थोडी ओल शिल्लक असते, तोवर फाळ, म्हणजे नांगराचे टोकदार पाते, सहज लागतो. पुढे वैशाखाच्या उन्हात काळी जमीन इतकी आवळते की फाळ वरच्यावर घसरतो आणि बैलांचे खांदे मात्र भरून येतात. वेळ निघून गेलीच, तर वळवाच्या एखाद्या चांगल्या सरीची वाट पाहावी आणि वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, येऊ द्यावा. वाफसा ओळखण्यासाठी चार-पाच बोटे खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून विखुरला तर नांगर घालावा; नुसता चेपला तर दोन दिवस थांबावे. ओल्या चिखलात केलेली नांगरट पुढे वाळून जी ढेकळे देते, ती फोडण्यात कुळवाच्या दोन पाळ्या जादा जातात.

रान आधी मोकळे करून घ्यावे. ज्वारी उपटून काढली असेल तर धसकटांचा, म्हणजे जमिनीत राहिलेल्या बुडख्यांचा, त्रास नसतो, कापली असेल तर मात्र ती वेचावी लागतात. तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीची व कपाशीची वाळलेली झाडे) जळणासाठी घरी न्याव्यात, कारण त्या फाळात अडकल्या की नांगर तासातून (फाळाने पडणाऱ्या चरातून) बाहेर येतो. पाला, भुसा आणि बारीक काडीकचरा पेटवून देण्याची सवय सोडावी. तो मातीत गाडला जाणेच हिताचे असते.

उन्हाळी नांगरटीचा मोठा फायदा उन्हाशी बांधलेला आहे. जमिनीत दडलेले घाटे अळीचे कोष आणि हुमणीच्या अळ्या उलथून वर येतात, त्यातील काही उन्हाने मरतात आणि काही नांगरामागे चालणारे बगळे, साळुंक्या व कावळे वेचून खातात. त्यामुळे नांगरल्यावर ढेकळे लगेच फोडू नयेत. रान तसेच तीन-चार आठवडे तापू द्यावे. हरळीच्या आणि कुंद्याच्या काशा (जमिनीतील मुळ्या) मात्र हाताने वेचून बांधाबाहेर काढाव्यात. त्या तुकडे होऊन मातीत राहिल्या, तर पावसाळ्यात प्रत्येक तुकड्याला फूट येते आणि तण कमी होण्याऐवजी वाढते.

नांगर लावणे आणि तास धरणे

लाकडी नांगराने जमीन चार-पाच इंच उकरली जाते, पण उलटत नाही. लोखंडी नांगराचा पंख माती उचलून पालथी घालतो आणि खोली सहा ते आठ इंचांपर्यंत जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांना होती. पुढे १९१० पासून किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निघालेले नांगर गावोगाव पोहोचले. मोठ्या लोखंडी नांगराला चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत आणि एवढे बैल एका घरी नसत. म्हणून ज्याची-त्याची जोडी एका रानावर आणून नांगरट उरकायची, मालकाने सगळ्यांना जेवण घालायचे आणि मजुरी कोणी मागायची नाही, अशी इर्जिकेची पद्धत येथे रुळली होती. आता जोड्या कमी झाल्याने इर्जिकही क्वचित घातली जाते, तरी दोन घरांनी आपापली एकेक जोडी एकत्र करून सावडीने काम करणे आजही परवडते.

नांगराची खोली रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, जोर देऊन साधत नाही. नांगरणारा जितका जोर देतो, तितका तो स्वतः दमतो आणि नांगर वाकडातिकडा चालतो. लोखंडी नांगराच्या पुढच्या टोकाला भोके पाडलेली उभी पट्टी असते. साखळी वरच्या भोकात अडकवली की फाळ खोल जातो, खालच्या भोकात घेतली की वर येतो. साखळी लांब सोडली तरी खोली वाढते, आखूड केली तर कमी होते. पहिल्या दहा-बारा पावलांतच हे जुळवून घ्यावे. नीट जुळलेला नांगर मुठीवर नुसता हात ठेवूनही सरळ चालतो, आणि तो तसा चालत नसेल तर बैलांना दोष देण्याआधी साखळी पाहावी. फाळ बोथट झाला असेल, तर लोहाराकडून शेवटून, म्हणजे टोक व धार नीट करून, घ्यावा. त्याचे पैसे बैलांच्या एका दिवसाच्या कष्टांत वसूल होतात.

नांगरट नेहमी उताराला आडवी करावी. तास उताराच्या दिशेने गेले, तर पहिल्याच जोरदार पावसात प्रत्येक तासाची पन्हळ होते आणि वरची माती ओढ्याला जाते. आडव्या तासांत तेच पाणी थबकते व मुरते. कोरडवाहू रानात मुरलेले पाणी हेच पुढच्या रब्बीचे भांडवल असते, म्हणून हा मुद्दा सोडू नये. ट्रॅक्टर भाड्याने लावल्यास तर याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण वळणे कमी पडावीत म्हणून चालक रानाच्या लांबीनेच नांगर घालू पाहतो, मग उतार कोणत्याही बाजूला असो. काम सुरू होण्यापूर्वीच त्याला दिशा दाखवून ठेवावी आणि पहिले दोन-तीन तास पडेपर्यंत स्वतः रानात उभे राहावे.

साधा लोखंडी नांगर माती एकाच बाजूला, बहुधा उजवीकडे, टाकतो. त्यामुळे उजवा बैल तासात आणि डावा न नांगरलेल्या जमिनीवर चालतो. संथ, अनुभवी बैल उजवीकडे जुंपल्यास तास सरळ राहतो. बैलाची एकदा ठरलेली बाजू पुढे बदलू नये. रानाच्या मधोमध पहिला तास घेऊन त्याच्याभोवती उजवीकडे वळत बाहेर येत गेल्यास मध्ये उंचवटा राहतो, आणि कडेपासून सुरू करून डावीकडे वळत आत गेल्यास मध्ये चर राहतो. एका नांगरटीत एक पद्धत आणि पुढच्या नांगरटीत दुसरी वापरली, म्हणजे रान सपाट राहते. माती हव्या त्या बाजूला टाकता येणारा पलटी नांगर असेल तर ही काळजी उरत नाही. पहिला तास सरळ पडण्यासाठी समोरच्या बांधावर एखादी काठी रोवून तिच्यावर नजर ठेवावी. वळताना नांगर उचलून घ्यावा आणि बैलांना पुरेशी जागा द्यावी. बांधाकडेचा राहिलेला पट्टा शेवटी वेगळा नांगरावा. बांध कोरून चार बोटे जमीन मिळवण्याच्या नादात भावाभावांची भांडणे तालुक्याच्या कचेरीपर्यंत गेलेली या भागाने पुष्कळ पाहिली आहेत.

दिवसाचा हिशेब

एका जोडीने दिवसात किती काम होईल, याचा अंदाज चालण्यावरून बांधावा. तासाची रुंदी २० सेंटीमीटर धरली, तर एक एकर नांगरण्यासाठी बैलांना आणि माणसाला सुमारे २० किलोमीटर चालावे लागते, तेही ढेकळांतून आणि ओझे ओढत. त्यामुळे लोखंडी नांगराने दिवसाला अर्धा एकर झाला, तरी काम चांगले झाले असे समजावे. एका जोडीकडून उन्हाळ्यात पूर्ण एकराची अपेक्षा ठेवणारा मालक आषाढात कोळपणीच्या वेळी बैल बसल्याची तक्रार करतो.

चैत्र-वैशाखात काम दोन वेळांत वाटून घ्यावे लागते. पहाटे चारच्या सुमारास बैलांना वैरण टाकावी, उजाडायला लागताच औत जुंपावे आणि ऊन चढण्यापूर्वी, म्हणजे साडेदहाच्या आत, सोडावे. दुपारी बैल झाडाखाली किंवा गोठ्यात रवंथ करीत बसलेले असावेत. चार-साडेचारला पुन्हा जुंपून दिवस मावळेपर्यंत काम करता येते. पोटभर खाल्ल्याबरोबर बैल जुंपू नयेत, आणि सोडल्यावर ते घामाने ओले असताना लगेच भरपूर पाणी पाजू नये. थोडा वेळ सावलीत उभे करून मग पाजावे. कामाच्या दिवसांत एका बैलाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, तेव्हा विहिरीने तळ गाठला असेल तर नांगरटीचे दिवस ठरवताना पाण्याचाही विचार करावा. कडब्याची कुट्टी करून दिल्यास वैरण वाया जात नाही; जोडीला रोज शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड भिजवून द्यावी.

या वेळापत्रकाभोवती घरातील प्रत्येकाचे काम बसवावे लागते, आणि नांगर धरणाऱ्या पुरुषाचेच काम तेवढे मोजायचे ही सवय बरी नव्हे. घरातील बाई त्याच्याआधी उठून शेणघाण काढते, धार काढते आणि भाकरी थापून न्याहारी रानात पोहोचवते. भाकरी, लसणाची चटणी किंवा ठेचा, कांदा आणि ताक इतकी न्याहारी उन्हाच्या कामाला पुरेशी असते. तेलकट पदार्थ दुपारसाठी ठेवावेत. दिवसभर काशा आणि धसकटे वेचण्याचे कामही बहुधा बायकांच्याच वाट्याला येते, म्हणून ते सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरकावे आणि दुपारी सावलीतले काम, म्हणजे बियाण्याची निवड, डाळीची तयारी किंवा पोती-सुतळीची डागडुजी, हाती घ्यावे. म्हाताऱ्या माणसांकडे बैलांचे पाणी आणि राखण सोपवल्यास त्यांच्या नजरेला लंगडणारा बैल सर्वांत आधी पडतो.

खांद्यांची तपासणी रोज संध्याकाळी करावी. जू चढवण्यापूर्वी त्याचा खालचा भाग गुळगुळीत आहे की नाही हे हाताने पाहावे, जुपणी (बैलाच्या मानेखालचा पट्टा) फार आवळू नये आणि शिवळा (जुवाच्या खुंट्या) तुटलेल्या असतील तर त्याच दिवशी बदलाव्यात. खांद्यावर सूज किंवा ऊन लागल्यासारखा गरमपणा दिसला, तर तो बैल पूर्ण बरा होईपर्यंत जुंपू नये; चिघळलेला खांदा हंगामच घालवतो. खडकाळ रान असेल तर बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून घ्याव्यात. घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात, आणि त्यानंतर दोन-चार दिवस जोडीला जड काम देऊ नये.

कुळवणी, शेणखत आणि पेरणीची वाट

रान तापून झाल्यावर आणि वळवाच्या एक-दोन सरींनी ढेकळे मऊ पडल्यावर कुळव घालावा. पहिली पाळी नांगराच्या तासांना आडवी घ्यावी, म्हणजे ढेकळे फुटतात आणि रान सपाट होते. दुसरी पाळी पहिल्या पाळीला आडवी घ्यावी. कुळवाची पास (आडवे पाते) धारदार नसेल तर ती तण कापत नाही, नुसती माती ओढते. माती अगदी पिठासारखी होईपर्यंत पाळ्या मारत राहू नये. बारीक झालेल्या मातीवर जोराचा पाऊस पडला की वर पापुद्रा धरतो आणि बाजरीसारखे नाजूक कोंब त्याखाली अडकतात. रोटाव्हेटरने एका फेरीत सुंदर दिसणारे रान बहुधा याच दोषाचे असते. पेरणीची शेवटची पाळी उताराला आडवी पडेल असा पाळ्यांचा क्रम आधीच ठरवावा.

शेणखत शेवटच्या पाळीपूर्वी पसरावे. कोरडवाहू रानाला हेक्टरी ५ टन, म्हणजे साधारण १० ते १२ बैलगाड्या, इतके चांगले कुजलेले खत पुरते. ते उन्हाळाभर ढिगांत टाकून ठेवले तर वाळून निम्मे कसहीन होते. त्यामुळे उकिरडा रोहिणीच्या आसपास उपसावा, त्याच दिवशी खत विस्कटावे आणि लगेच कुळवाने मातीत मिसळावे. कच्चे खत हुमणीला आमंत्रण देते.

मृग निघाला, दोन सरी झाल्या, म्हणून पाभर (पेरणीचे औत) काढू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि ओल वीतभर खाली गेल्यावर वाफशावर पेरावे. तोवर चाड्याची (बी टाकायच्या वाटीची) व नळ्यांची भोके साफ करून, बियाण्याची उगवण गोणपाटात तपासून तयार राहावे. ज्या रानात रब्बीच घ्यायची आहे, ते पावसाळाभर प्रत्येक उघडिपीला कुळवून तणमुक्त ठेवावे, म्हणजे भाद्रपद-आश्विनापर्यंत त्यात ओल साठते.

नांगराचे काम संपताच तो बांधावर तसाच टाकून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. फाळ आणि पंख धुऊन, पुसून, त्यांवर जुने वंगण चोळावे, नटबोल्ट सैल करून त्यांनाही तेल द्यावे, लाकडी हाळीस (नांगराचा लांब दांडा) असेल तर तिला वाळवी लागू नये म्हणून नांगर जमिनीपासून उंच, छपराखाली टांगावा आणि झिजलेल्या भागांची यादी करून दिवाळीनंतर लोहाराकडे गर्दी नसते तेव्हा ते बदलून घ्यावेत.