अमेरिकेतील सुरुवातीच्या कॉलेज ॲथलेटिक्स विजेत्यांचे विक्रम कसे वाचावेत आणि कसे नोंदवावेत

अमेरिकेतील कॉलेजांच्या मैदानी स्पर्धांचा पहिल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास ज्याला अभ्यासायचा आहे, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी आकड्यांचा ढीग येतो. १८९६ मधील बर्नी वेफर्सचे १०० यार्डांचे ९.८ सेकंद, १९१३ मधील जॉन पॉल जोन्सची ४ मिनिटे १४.४ सेकंदांची मैलाची वेळ, १९२५ मधील डीहार्ट हबर्डची २५ फूट १० ७/८ इंचांची लांब उडी, हे सगळे एकाच यादीत एकाखाली एक मांडलेले आढळते. ती यादी चुकीची नसते. ती अपुरी असते. आकडा ज्या अंतरावर, ज्या मार्गावर, ज्या घड्याळाने आणि ज्या स्पर्धेत नोंदवला गेला, त्या तपशिलासह लिहिला तरच त्याला अर्थ येतो. ही नोंद कशी करावी, ते पुढे सांगितले आहे.

सर्वप्रथम विजेतेपद कोणत्या स्पर्धेचे आहे ते ठरवावे. ‘राष्ट्रीय कॉलेज विजेता’ हे शब्द जुन्या मजकुरात फार सैलपणे वापरलेले असतात. कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएची पहिली ॲथलेटिक्स स्पर्धा १९२१ च्या जूनमध्ये शिकागो विद्यापीठाच्या मैदानावर झाली आणि इलिनॉय विद्यापीठाने ती जिंकली. म्हणजे त्यापूर्वीच्या कोणत्याही धावपटूला एनसीएए विजेता म्हणता येत नाही. त्याआधी सर्वांत मोठा मान होता तो इंटरकॉलेजिएट असोसिएशन ऑफ अमॅच्युअर ॲथलीट्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या स्पर्धेला. तिच्या नावात ‘ए’ने सुरू होणारे चार शब्द असल्याने तिला आयसीफोरए म्हणण्याचा प्रघात पडला. तिची पहिली स्पर्धा १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा येथे झाली. त्या काळी कॉलेजांच्या नौकाशर्यती हा मोठा सोहळा असे आणि धावण्याच्या शर्यती त्याला जोडून आल्या, ही गोष्ट लक्षात ठेवल्यास सुरुवातीच्या स्पर्धा साराटोगासारख्या ठिकाणी का झाल्या, हे समजते.

आयसीफोरएमध्ये पूर्वेकडील कॉलेजांचा भरणा असला तरी ती केवळ पूर्वेची स्पर्धा होती असे समजू नये. मिशिगनचा राल्फ क्रेग तेथे धावला, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने १९२१ ते १९२३ अशी सलग तीन वर्षे तेथील सांघिक विजेतेपद मिळवले. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांची स्वतःची स्पर्धा वेस्टर्न कॉन्फरन्स या नावाने होत असे. तिलाच पुढे बिग टेन म्हटले जाऊ लागले. यांखेरीज एएयू या हौशी खेळाडूंच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धा होत्या आणि त्यांत कॉलेजचे विद्यार्थी बहुधा एखाद्या क्लबच्या नावाने उतरत. म्हणून प्रत्येक नोंदीत स्पर्धेचे नाव आणि खेळाडूने कोणाचे प्रतिनिधित्व केले ते, असे दोन वेगळे रकाने असावेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जॉर्ज पोज हा याचा चांगला नमुना आहे. १९०४ मध्ये ऑलिम्पिक पदक मिळवणारा पहिला आफ्रिकी-अमेरिकी खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण सेंट लुईसच्या त्या ऑलिम्पिकमध्ये तो मिलवॉकीच्या एका ॲथलेटिक क्लबकडून धावला होता. केवळ ऑलिम्पिकची यादी पाहणाऱ्याला त्याचे विद्यापीठ सापडणारच नाही.

यानंतर अंतर तपासावे. हे विक्रम मुख्यतः यार्डांत आहेत आणि यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, २२० यार्ड म्हणजे २०१.१६८ मीटर, ४४० यार्ड म्हणजे ४०२.३३६ मीटर आणि मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. आजच्या शर्यतींशी तुलना करताना १०० यार्डांच्या वेळेला १०० मीटरची वेळ समजणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. ४४० यार्डांसाठी मात्र एक साधा हिशेब करता येतो. पेनसिल्व्हेनियाच्या टेड मेरेडिथने १९१६ मध्ये आयसीफोरए स्पर्धेत हे अंतर ४७.४ सेकंदांत पार केले. त्याची सरासरी गती सेकंदाला सुमारे ८.४९ मीटर येते, जास्तीचे २.३३६ मीटर धावायला त्या गतीने सुमारे ०.२८ सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरसाठी ढोबळ वेळ ४७.१ सेकंद निघते. हा आकडा स्वतःच्या टिपणात अवश्य लिहावा, पण विक्रमाच्या रकान्यात कधीही लिहू नये, कारण त्या दिवशी ४०० मीटरच्या खुणेवर कोणीही घड्याळ थांबवलेले नव्हते. मैलाच्या वेळेवरून १५०० मीटरची वेळ काढण्याच्या फंदात तर पडूच नये. शेवटच्या शंभर-सव्वाशे मीटरमध्ये धावपटूची गती सरासरीएवढी नसते.

उड्यांच्या बाबतीत मूळ माप फूट-इंचांतच ठेवावे आणि मीटरचा आकडा शेजारी लिहावा. हबर्डची २५ फूट १० ७/८ इंच ही उडी गणिताने ७.८९६ मीटर होते, पण यादीत ती ७.८९ दिसते. हार्वर्डच्या एडवर्ड गॉर्डिनची १९२१ मधील २५ फूट ३ इंचांची उडी ७.६९६ येते आणि ७.६९ लिहिली जाते. स्टॅनफर्डच्या जॉर्ज होराइनची १९१२ मधील ६ फूट ७ इंचांची उंच उडी २.००६ येते आणि २.०० लिहिली जाते. मीटरच्या आकड्यावरून उलट इंच काढू लागल्यास या खाली उतरवलेल्या सेंटिमीटरमुळे मूळ मोजमापच बदलून जाते.

आता घड्याळाकडे यावे. या विषयातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. त्या काळची पंचांची स्टॉपवॉच सेकंदाचा पाचवा भाग दाखवीत. म्हणून मूळ नोंदी ९ ४/५, २१ १/५, ४७ २/५ अशा अपूर्णांकांत असतात आणि आपण त्या दशांशांत वाचतो. याचा परिणाम असा की दशांश चिन्हानंतरचा अंक नेहमी सम येतो. वेफर्सचे ९.८ आणि २१.२, पेनसिल्व्हेनियाच्या ॲल्विन क्रेन्झलाइनचे १८९८ मधील अडथळ्यांच्या शर्यतींचे १५.२ आणि २३.६, जोन्सचे ४:१४.४, डार्टमथच्या अर्ल थॉमसनचे १९२० मधील अडथळ्यांच्या शर्यतीचे १४.४ हे आकडे तपासून पाहावेत. १९०० च्या आसपासच्या कॉलेज शर्यतीची वेळ ९.७ किंवा ४८.३ अशी छापलेली दिसली, तर ती कोणीतरी नंतर केलेली दुरुस्ती, रूपांतर किंवा छपाईची चूक असण्याचा संशय घ्यावा आणि मूळ नोंद शोधावी.

या पायरीपायरीच्या घड्याळामुळे काही विक्रम वर्षानुवर्षे हलले नाहीत, याचेही कारण येथेच सापडते. ओरेगनच्या डॅन केलीने १९०६ मध्ये १०० यार्ड ९.६ सेकंदांत पार केल्यानंतर सदर्न कॅलिफोर्नियाचे हॉवर्ड ड्रू (१९१४) आणि चार्ली पॅडॉक (१९२१) यांनी त्याच वेळेची बरोबरी केली. पण पुढची पायरी ९.४ ची असल्याने मधला एक दशांश कोणी मिळवला असला तरी घड्याळाने तो दाखवला नसता. मिशिगनच्या एडी टोलनची १९२९ मधील ९.५ ही वेळ दशांश सेकंदाच्या घड्याळांचा वापर रूढ झाल्यानंतरची आहे. त्यामुळे ‘तेवीस वर्षे कोणीही अधिक वेगाने धावले नाही’ असे वाक्य लिहू नये. ‘तेवीस वर्षे अधिक चांगली वेळ मान्य झाली नाही’ असे लिहावे. या दोन वाक्यांतील फरकच जुन्या धावपटूंना न्याय देतो. त्याच कारणाने ९.८ ला ९.८० असेही लिहू नये, कारण शेवटचे शून्य नसलेली अचूकता दाखवते.

मार्ग सरळ होता की वळणाचा, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावा. त्या काळी २२० यार्डांची शर्यत बऱ्याचदा वळण नसलेल्या सरळ मार्गावर होत असे, वेफर्सचे २१.२ सेकंद तसेच आहेत आणि ओहायो स्टेटच्या जेसी ओवेन्सने २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे नोंदवलेले २०.३ सेकंदही सरळ मार्गावरचेच आहेत. ते आजच्या वळणावरून धावल्या जाणाऱ्या २०० मीटरच्या वेळेशेजारी ठेवता येत नाहीत. ४४० यार्डांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या मॅक्सी लाँगने १९०० मध्ये न्यू जर्सीतील गटेनबर्गच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मार्गावर, एकही वळण न घेता, ४४० यार्ड ४७.० सेकंदांत पार केले. वळणाच्या मार्गावरची त्याची त्याच वर्षाची वेळ ४७.८ होती. सोळा वर्षांनी मेरेडिथने ४७.४ नोंदवले, ते या ४७.८ ला मागे टाकून. ज्याच्या यादीत मार्गाचा रकाना नाही, त्याला मेरेडिथचा विक्रम विक्रमच वाटणार नाही आणि तो त्याला खोडून टाकील.

वाऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येते. सेकंदाला २ मीटरची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांत १९३६ मध्ये आली. त्यापूर्वीच्या नोंदींत वाऱ्याचा आकडा सापडत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा, त्यात शून्य लिहू नये.

मान्यतेचा रकाना मात्र काळजीने भरावा लागतो. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाची स्थापना १९१२ मध्ये झाली, त्यामुळे महासंघाने मागाहून मान्य केलेल्या मोजक्या नोंदी सोडल्या तर त्यापूर्वीच्या वेळेला ‘अधिकृत जागतिक विक्रम’ म्हणता येत नाही. ‘त्या वेळी ज्ञात असलेली सर्वोत्तम वेळ’ असे म्हणावे. पुरुषांच्या मैलाच्या शर्यतीत महासंघाने मान्य केलेला पहिला जागतिक विक्रम हा कॉर्नेलच्या जोन्सचा, म्हणजे एका कॉलेज विद्यार्थ्याचा होता, ही बाब मला आजही विशेष वाटते. उलट काही उत्तम कामगिरी नियमांमुळे यादीबाहेर राहिली. पॅडॉक १९२१ मध्ये पॅसाडीना येथे ११० यार्ड १०.२ सेकंदांत धावला. ११० यार्ड हे अंतर १०० मीटरपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक असूनही ती वेळ १०० मीटरचा विक्रम म्हणून मान्य झाली नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळा पाडला तर विक्रम धरला जात नसे. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत आयर्लंडच्या बॉब टिस्डॉलने जिंकली, पण त्याने एक अडथळा पाडल्यामुळे जागतिक विक्रम दुसऱ्या आलेल्या, लुइझियाना स्टेटच्या ग्लेन हार्डिनच्या नावावर ५२.० सेकंद असा लागला. विजेता आणि विक्रमवीर हे रकाने एकत्र करू नयेत, ते यासाठी.

सांघिक गुणांत अपूर्णांक दिसले तर दचकू नये. १९२१ मध्ये इलिनॉयचे गुण २० १/४ होते. उंच उडी आणि बांबू उडीत बरोबरी झालेल्या खेळाडूंमध्ये गुण वाटून दिले जात, त्यातून असे चतुर्थांश तयार होतात.

पुरुषांच्या याद्यांवर काम संपवणे मात्र योग्य नाही. व्हासार कॉलेजमध्ये १८९५ मध्येच विद्यार्थिनींचा मैदानी दिवस झाला होता, परंतु एनसीएएने महिलांची ॲथलेटिक्स स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. मधल्या काळातील विद्यार्थिनी विजेत्या शोधायच्या तर एएयूच्या नोंदी पाहाव्या लागतात. अलाबामातील टस्कीगी इन्स्टिट्यूटचा महिला संघ १९३७ पासून तेथे राष्ट्रीय विजेता ठरू लागला, आणि याच संस्थेत घडलेल्या ॲलिस कोचमनने १९३९ ते १९४८ अशी सलग दहा वर्षे उंच उडीचे राष्ट्रीय विजेतेपद राखून १९४८ मध्ये ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. कृष्णवर्णीयांच्या संस्थांना वर्णभेदामुळे दक्षिणेतील गोऱ्या कॉलेजांच्या स्पर्धांत स्थान नव्हते. म्हणून टस्कीगीने १९२७ पासून स्वतःच्या रिले स्पर्धा भरवल्या. त्या नोंदी वगळून तयार केलेली यादी कितीही नीटनेटकी असली तरी तिला त्या काळच्या कॉलेज विजेत्यांची पूर्ण यादी म्हणू नये.

एक नोंद पूर्ण भरल्यावर कशी दिसावी, ते ओहायो स्टेटच्या जॉर्ज सिम्पसनच्या उदाहरणाने दाखवतो. खेळाडू: जॉर्ज सिम्पसन. संस्था: ओहायो स्टेट विद्यापीठ. स्पर्धा: एनसीएए, शिकागो, ८ जून १९२९. शर्यत: १०० यार्ड. वेळ: ९.४ सेकंद, हाताने थांबवलेल्या स्टॉपवॉचने. स्थान: पहिले. मान्यता: जागतिक विक्रम म्हणून अमान्य. कारण: धावण्याच्या प्रारंभी पायांखाली स्टार्टिंग ब्लॉक वापरले, आंतरराष्ट्रीय नियमांनी त्यांना पुढे १९३७ मध्ये परवानगी दिली. संबंधित नोंद: सदर्न कॅलिफोर्नियाचा फ्रँक वायकॉफ, ९.४ सेकंद, १९३०, मान्य.