इंदुरात जास्वंद भरभरून फुलवायची तर

इंदुरात जास्वंद जाते ती बहुतेक वेळा पाणी कमी पडून नव्हे, मुळांशी पाणी साचून. माळव्याची काळी माती सोयाबीन-कापसाला मानवते, जास्वंदीला तशीच्या तशी मानवत नाही. पावसाळ्यात ही माती फुगून चिकट होते, मुळांपर्यंत हवा पोचत नाही. उन्हाळ्यात तडकते आणि तडकताना बारीक पांढरी मुळं तोडते. शिवाय ती अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५, जास्वंदीला ६ ते ७ च्या मधला, किंचित आम्ल सामू लागतो. त्यात बोरिंगचं जड पाणी पडत राहिलं की पानं पिवळी पडतात, आणि आपण खत वाढवतो. इथे क्रम उलटा हवा: आधी माती, मग पाणी, खत सगळ्यात शेवटी.

हवा मात्र बरीचशी आपल्या बाजूने आहे. जास्वंदीला १५ ते ३२ अंश तापमान सगळ्यात मानवतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर असल्यामुळे भर उन्हाळ्यातही रात्री पारा उतरतो. शब-ए-माळव्याचा, म्हणजे माळव्याच्या नावाजलेल्या गार रात्रींचा, हा फायदा झाडालाही मिळतो. त्रास होतो तो एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीपार गेला की, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, तो दहाच्या खाली आला की.

रोप निवडताना

नर्सरीत ‘गुडहल’ म्हणून मागितलंत की दोन तऱ्हेची रोपं दाखवतील. एक देशी: पाच पाकळ्यांची लाल, किंवा दुहेरी लाल-गुलाबी. ही दोन-अडीच मीटर वाढते, चुका पोटात घालते आणि फांदीवरून सहज रुजते. गणपतीला वाहायला हीच. दुसरी संकरित: तळहाताएवढं फूल, पिवळा-केशरी-जांभळा रंग, मध्ये गडद डोळा. ती बुटकी आणि नाजूक असते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या खुंटावर कलम केलेली असते. पहिल्यांदाच लावत असाल तर देशी घ्या. संकरित जात पुढच्या वर्षी, हात बसल्यावर.

फुलं बघून रोप घेऊ नका. पानं उलटी करून बघा, शेंड्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस आहे का ते बघा, आणि पिशवीच्या तळाची भोकं तपासा. जाड मुळं बाहेर येऊन वळलेली असतील तर ते रोप पिशवीत फार काळ अडकलेलं आहे. कलमी रोपावर सांधा स्पष्ट दिसायला हवा. लावताना तो मातीच्या वर चार बोटं ठेवायचा. सांध्याखालून फुटणारे धुमारे दिसतील तेव्हा मोडायचे, नाहीतर दोन वर्षांत खुंटच झाडावर कब्जा करतो.

जमिनीत लावायची असेल तर

लावणीचा उत्तम काळ म्हणजे पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर, जूनअखेर ते जुलैचा मध्य. पावसाचा भरवसा नको असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी, त्यातही सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारी तीननंतर सावली मिळाली तर फारच छान. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून लावू नका.

काळ्या मातीत नुसता खड्डा खणून त्यात हलकं मिश्रण भरलं, तर पावसाळ्यात तो खड्डा हौद होतो: आजूबाजूची माती पाणी सोडत नाही आणि सगळं पाणी तिथेच उतरतं. म्हणून दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या, त्याच्या गुळगुळीत कडा खुरपीने खरवडून मोकळ्या करा आणि मिश्रण जमिनीच्या वर सहा-आठ इंच उंचवटा होईल इतकं भरा. रोप त्या उंचवट्यावर लावा. मिश्रणात काढलेली माती निम्मी, नर्मदेची जाड रेती पाव भाग, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत पाव भाग आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. रेती टाकायची तर पुरेशी टाका; दोन घमेली रेतीने चिकण माती मोकळी होत नाही, उलट आणखी घट्ट बसते. रेतीऐवजी खडीची चुरी वापरू नका, तिची पूड पाण्याबरोबर खाली बसून निचरा बुजवते.

नव्या कॉलनीतल्या प्लॉटवर आणखी एक अडचण असते. बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा मलबा तिथेच दाबलेला असतो आणि त्याने सामू आणखी चढतो. दीड फुटापर्यंत तो मलबा वेचून काढल्याशिवाय झाड लावू नका. जमिनीतल्या झाडाला वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, २५-३० ग्रॅम बागायती गंधक मातीत मिसळलं तर सामू हळूहळू उतरतो. त्याला महिने लागतात, घाई करून दुप्पट टाकू नये.

कुंडीत

आठ इंची कुंडीत जास्वंद जगते, फुलत नाही. देशीसाठी १४ ते १६ इंच, संकरितसाठी १२ इंच तरी हवी, आणि तळाला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं. मिश्रण असं: बागेची माती एक भाग, जाड रेती एक भाग, कंपोस्ट एक भाग, भिजवून पिळलेलं कोकोपीट अर्धा भाग, वर एक मूठ निंबोळी पेंड. वरचे दोन इंच मोकळे सोडा. कुंडी दोन विटांवर ठेवा, आणि पावसाळ्याचे चार महिने खालच्या बशा काढून टाका. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत झाड बाहेर काढून बाहेरची गोल फिरलेली मुळं एक इंच छाटायची आणि माती बदलायची.

कंपोस्टचं नाव निघालं की इंदूरकरांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते, आणि पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर रचून, मधून मधून उलटे करून साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची त्यांनी बसवलेली रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. घरच्या ढिगाला ती आजही चालते. जास्वंदीसाठी खत करत असाल तर त्यातली राख वगळा: राख अल्कधर्मी असते, आणि आपली माती आधीच तशी आहे. त्याच कारणाने अंड्याची टरफलं आणि चुना कुंडीत घालू नका. केळ्याच्या साली थेट घालण्यापेक्षा कंपोस्टच्या ढिगात टाकाव्यात. कुंडीत त्या मुंग्या आणतात आणि मुंग्या ढेकण्या (पांढरे, कापसासारखे पिठ्या ढेकूण) आणतात.

पाणी

रोज ठरलेल्या वेळी ठरलेला मग ओतणं, ही सवय सगळ्यात घातक. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालाल तेव्हा तळातून निघेपर्यंत. साधारण अंदाज असा: उन्हाळ्यात कुंडीला सकाळी रोज, मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात आठ दिवस उघडीप पडली तरच. थंडीत चार-पाच दिवसांनी, ऊन वर आल्यावर. जमिनीतल्या झाडाला एक वर्षानंतर उन्हाळ्यातही आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी पुरतं, बुंध्याभोवती तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर.

नर्मदेचं नळाचं पाणी बोरिंगपेक्षा नक्कीच चांगलं. ते एक दिवसाआड येत असेल तर बादलीत भरून रात्रभर उघडं ठेवा आणि वापरा. फक्त बोरिंगच असेल तर कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी खपली धरते. ती वरच्या एक इंच मातीसकट खरवडून काढा, आणि पावसाळ्यात दोन-तीनदा चांगल्या पावसात कुंडी भिजू द्या म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर जास्वंदीसाठी त्याहून चांगलं काही नाही.

आणि हे नीट ओळखायला शिका: माती ओली असूनही पानं मान टाकत असतील, तर झाडाला तहान लागलेली नाही, मुळं कुजली आहेत. अशा वेळी आणखी पाणी घातलं की झाड संपतं. कुंडी उलटी करून बघा; तपकिरी, मऊ, वास मारणारी मुळं कापा, उरलेल्यांवर लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी घाला, कोरड्या रेताड मिश्रणात पुन्हा लावा, वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा.

पिवळी पानं

पिवळं पान कुठलं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. मातीत लोह असतंच, पण सामू जास्त असल्याने मुळं ते उचलू शकत नाहीत. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला तीन ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) घ्या; ईडीटीए प्रकार आपल्या मातीत फार टिकत नाही. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम: एप्सम मीठ लिटरला पाच ग्रॅम, पानांवर. जानेवारीत सगळीच पानं पिवळी पडून गळायला लागली तर ती थंडी आहे. पाणी कमी करा, कुंडी दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीशी सरकवा, फार गार रात्री जुनी साडी पांघरा. त्या काळात खत अजिबात नको.

खत

जास्वंदीला पालाश (पोटॅश) जास्त, नत्र (नायट्रोजन) मध्यम आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी लागतं. म्हणून भरपूर स्फुरद असलेलं डीएपी खत टाळा. स्फुरद साठत गेलं की लोह आणखीच अडतं. १२ इंची कुंडीला दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि मार्च ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी: १०० ग्रॅम मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवायची, गाळून दहापट पाणी घालून कुंडीला अर्धा लिटर. कळ्या दिसू लागल्या की पेंड थांबवा आणि सल्फेट ऑफ पोटॅश लिटरला दोन ग्रॅम, पंधरवड्याने एकदा. ओल्या मातीतच द्यायचं, कोरड्यात दिलं तर मुळं भाजतात.

छाटणी

फूल नेहमी नव्या फुटीवर येतं. जुनी लांब काठी वर चढत राहिली की फुलं फक्त टोकाला, तीही हाताला न येणारी. वसंत पंचमीनंतर थंडीचा जोर ओसरला की मुख्य छाटणी करा: संकरित झाड एक तृतीयांश, देशी अगदी निम्म्यापर्यंत. बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) थोडं वर तिरपा काप. आत वाकलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या जिथून फुटल्या तिथून काढा. दोन महिने झाड उघडंबोडकं वाटेल, घाबरू नका. ऑक्टोबरनंतर मात्र कात्री लावू नका. कोवळी फूट थंडीत करपते.

गणेशोत्सवात फुलं हवी असतील तर चतुर्थीच्या दहा-अकरा आठवडे आधी प्रत्येक फांदीचा फक्त शेंडा, दोन-तीन इंच, खुडा. एका टोकाच्या जागी दोन-तीन फुटी येतात आणि बरोबर त्या दिवसांत कळ्या धरतात. पूजेसाठी पूर्ण फुगलेली, रंग दिसू लागलेली कळी आदल्या संध्याकाळी काढून ठेवली तरी ती सकाळी उमलते.

कळ्या गळतात त्याचं काय

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर गळलेल्या कळीतच असतं. ती उचला आणि नखाने उभी फाडा. आत बारीक पांढरट अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. फवारणी कळीच्या आत पोचत नाही. पिवळी पडलेली प्रत्येक कळी, झाडावरची आणि खाली पडलेली, रोज वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उन्हात ठेवा. अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून वरची एक इंच माती दर आठवड्याला हलवा. तीन आठवडे नेटाने केलं तर चक्र तुटतं. पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे असतील तर फुलकिडे. आत काहीच नसेल, तर एप्रिल-मेचं ऊन, कुंडी एकदा जरी पूर्ण कोरडी पडणं, नत्राचा मारा किंवा कुंडीची जागा अचानक बदलणं, यांपैकी एक. उन्हासाठी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते. दुहेरी पाकळ्यांच्या जाती एरवीही जास्त कळ्या गाळतात.

ढेकण्या

पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा कायमचा शत्रू. त्यातला गुलाबी प्रकार रस शोषताना शेंडे असे आखडून टाकतो की पानांचा चुरगळलेला गुच्छ होतो. तो शेंडा सुधारत नाही, कापून नष्ट करा. बाकी झाडाला पाइपने जोराचं पाणी मारा, बेचक्यांतले ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. आठ-आठ दिवसांनी तीनदा. ऊन तापलेलं असताना फवारलं तर पानं भाजतात. मुंग्यांची रांग तोडल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. ढेकणांमध्ये एखादा मोठा, लांब पांढऱ्या लोकरीसारखा, भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असते, आणि ती दिसली की फवारणी थांबवायची.

फांदीवरून नवं रोप

जुलैत, देशी जातीची पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना पूर्ण लाकडी फांदी घ्या. सहा इंचांचा तुकडा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी पानं आणि कळ्या काढा. टोकाला मूळ फुटायची पावडर लावून निम्मी रेती, निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात दोन डोळे गाडा, वर प्लॅस्टिकची पिशवी, जागा सावलीची. मुळं फुटायला चार ते सहा आठवडे लागतात. मधे उपटून बघू नका, कोवळी मुळं तिथेच तुटतात. नवी पानं धरली तरी आणखी पंधरा दिवस थांबून, पिशवी रोज थोडी थोडी उघडत, मग कुंडीत हलवा. पहिल्या कळ्या खुडून टाका, म्हणजे रोप आधी मुळं धरेल.